त्र्यंबकभाऊजींच्या केगमधली वाटीभर साखर

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी आमच्या गॅरेजातल्या रिकाम्या भांड्यातून कारंजं उडालं, थेट छतापर्यंत, आणि वर हे मलाच विचारतात, "तू काय केलंस?" मी काय केलं! मी भांडं धुतलं! बाईने भांडं धुतलं यात विचारायचं काय? अहो, रिकामं म्हणजे रिकामं ना हो? की अमेरिकेत त्याचंही काही वेगळं असतं?

थांबा, नीट सांगते... आमच्या ह्यांना, मोरेश्वरांना, इकडे अमेरिकेत, पार्सिपनीत येऊन छंद लागला तो कसला, तर घरी बीअर करायचा! लोकांचे नवरे शनिवारी गवत कापतात, आमचे गॅरेजमध्ये पातेलं ढवळत बसतात. घरात फोडणी घाला म्हटलं तर "मोहरी कुठली गं यातली?" विचारणारा माणूस, पण तिकडे थर्मामीटर लावून ढवळतो! आणि झालेली बीअर भरायची केगमध्ये. केग म्हणजे स्टीलचं उभं नळकांडं, माझ्या कमरेला लागेल एवढं, वर लांबट झाकण आणि त्याच्या बाजूला दोन तोट्या, दाबल्या की उघडणाऱ्या. तोही आमचा नाही! ह्यांचे मित्र त्र्यंबकभाऊजी, त्यांच्याकडून पार्टीपुरता आणलेला. पार्टी झाली, बीअर संपली, केग कोपऱ्यात तसाच. मी म्हटलं, "अहो, वास सुटलाय, धुवून परत करा." तर म्हणे, "शनिवारी धुतो गं. रिकामं आहे ते, तुला काय खातंय?" ह्यांचा शनिवार! तुम्हाला सांगते, आमच्या घरात शनिवार येतो, पण ह्यांचा शनिवार येत नाही.

मग धुतला मीच. गरम पाणी ओतलं, लिंबाची सालं घातली, हात घातला तर खांद्यापर्यंत गेला तरी तळ लागेना, आत मध्येच एक लांब नळी, आणि तळाला हा असा पिवळट गाळ बसलेला, ताकाच्या खाली बसतो ना, तसा. हलवला, उपडा केला, पुन्हा हलवला, तरी थोडं पाणी आणि गाळ राहिलाच. राहू दे म्हटलं, भाऊजी काही वाकून बघणार नाहीत. आणि मग... आता तुम्हीच सांगा, लोकांचं भांडं रिकामं परत देतो का आपण? भाऊजींच्या घरून, मालिनीवहिनींचा चिवड्याचा डबा येतो, तो मी कधी रिकामा पाठवलाय? काही नाही तर साखर तरी घालतो की नाही? घालतो ना? मोठ्याने म्हणा, आमच्या ह्यांना ऐकू गेलं पाहिजे! चिमूटभरच घालणार होते, पण एवढं थोरलं भांडं, त्यात चिमूट बरी दिसेल का? वाटीभर घातली. शीग लावून घातली! झाकण दाबून बसवलं आणि ठेवला कोपऱ्यात, भाऊजी येतील तेव्हा नेतील. त्यात जुलैचा उकाडा.

झाले असतील चार-पाच दिवस. त्या दिवशी अकराला आमच्या केयाची डॉक्टरकडे तपासणी. दीड वर्षाची पोर, पांढरा फ्रॉक घातलेला, मी फक्त डायपर बॅग भरायला वळले, तेवढ्यात चमचा घेऊन गॅरेजमध्ये पसार. आणि तो चमच्याचा दांडा तिने, देवा रे, त्या केगच्या तोटीत खुपसला...

फुस्स्स्स! अहो, साधं फुस्स नाही, बंब सोडल्यासारखं! पिवळं पाणी, फेस, छतावर, गाडीवर, पोरीवर! मी किंचाळले, पोरीला उचललं, ती रडत असेल म्हणून बघितलं तर ओठ चाटतेय! चाटतेय हो! आणि वर म्हणते, "मोअर!"

मी ह्यांना फोन लावला. "अहो, तुमचं रिकामं भांडं फुटलं!" हे म्हणतात, "फुटणार कसं? आत काय होतं?" म्हटलं, "काही नाही. फक्त साखर." तर केवढ्याने ओरडले, "साखर?! अगं, तळाला यीस्ट होतं, जिवंत असतं ते, साखर खातं आणि गॅस सोडतं!" जिवंत! माझ्या गॅरेजमध्ये जिवंत काहीतरी बसलंय, साखर खातंय, आणि मला सांगतात रिकामं आहे! वर म्हणतात, "आणि नीट धुतला तरी आम्ही त्यात मुद्दाम गॅस भरून बंद ठेवतो, आतून भांडं चांगलं राहावं म्हणून." म्हणजे रिकामं भांडं ठेवायचं तेसुद्धा भरून! अहो, रिकामं म्हणजे रिकामं ना हो?

पण मला आठवलं ते वेगळंच. डॉक्टर! पोरीला धुतलं, पावडर लावली, फ्रॉक बदलला, पण केसांतून वास कसा जाणार? आणि माझी मैत्रीण हिमानी मागेच म्हणाली होती, "इथे जपून हं, मुलांच्या बाबतीत थोडं काही दिसलं ना, तर सरकारी माणसं मुलंच घेऊन जातात." घेऊन जातात! माझी केया! आणि अपॉइंटमेंट चुकवली तर ते आणखी संशयाचं.

गेले. नर्सने पोरीला काट्यावर ठेवलं, वाकली, आणि थांबली. नाक असं केलं. "मॅम... इज दॅट बीअर?" डॉक्टरीणबाई आल्या. म्हटलं, आता खरं तेच सांगायचं. माझं इंग्लिश किती, तर दुकानापुरतं. "माय हजबंड मेक बीअर. आय वॉश पॉट. इन अवर पीपल, नो गिव्ह एम्प्टी पॉट. सो आय पुट शुगर." बाई ऐकतायत, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. "देन बेबी पुट स्पून. देन..." आणि मी दोन्ही हात वर करून कारंजं करून दाखवलं.

बाई उठल्या. "वन मिनिट," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. संपलं! पोलीस! मी केयाला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. दार कुठे, गाडी कुठे, बार्शीला आईकडे विमान कधी, सगळं डोक्यात फिरून गेलं...

दार उघडलं. बाईंच्या मागे एक म्हातारे डॉक्टर, त्यांच्या मागे नर्स, त्यांच्या मागे रिसेप्शनवरची मुलगी. बाईंचे डोळे पाण्याने भरलेले, आवाज निघेना. म्हणतात, "प्लीज... टेल देम. द शुगर पार्ट."

तीनदा सांगितलं! तिसऱ्यांदा ती रिसेप्शनवाली हसून हसून भिंतीला धरून खाली बसली. केयाला तपासलं, ठणठणीत. ओठांना लागलं तेवढ्याने काही होत नाही म्हणाले, पण गॅरेजला कुलूप लावा, आज लावा. लावलं. मी रडत होते की हसत होते, मला आजही सांगता यायचं नाही.

आता काय, त्या दवाखान्यात गेलं की पोरीचं वजन नंतर, आधी मला कारंजं करून दाखवावं लागतं. दाखवते बापडी. पोरगी माझ्या कडेवर आहे ना, मग शंभरदा दाखवीन.

तुम्ही एवढं करा. तुमच्या ओळखीत, इकडे नाही तर तिकडे सांता क्लाराला, कुणाचा नवरा घरी बीअर करत असेल, तर त्याच्या बायकोला निरोप द्या माझा. लोकांचं भांडं परत देताना साखर जरूर द्या, आपली रीत मोडायची नाही. पण ती भाऊजींच्या हातावर ठेवा... आणि समोर उभं राहून खायला लावा!