चौदावी सही

बायको : पुढे येऊ नकोस, अंघोळ व्हायचीय माझी. आधी सांग, चौदावी सही कोणाची?

नवरा : कसली सही?

बायको : लिफ्टवर कागद चिकटवलाय ना! ‘लॉकडाऊन संपेपर्यंत रुग्णालयात काम करणाऱ्यांनी जिना वापरावा.’ आणि खाली सगळ्या रहिवाशांच्या सह्या! रुग्णालयात काम करणारी किती माणसं आहेत या इमारतीत?

नवरा : अगं, आत तर ये...

बायको : किती?

नवरा : एक.

बायको : मग ‘सहाव्या मजल्यावरची नर्स’ असं सरळ लिहायचं! तेवढीच लाज शिल्लक होती का?

नवरा : हळू बोल. शेजारी ऐकतील.

बायको : ऐकू देत! बारा तास त्या प्लास्टिकच्या झग्यात उकडून निघालेय. घोटभर पाणी नाही पोटात. वर सहा मजले चढून आले, तुझ्या कृपेनं!

नवरा : सगळ्यांनीच केली. सोसायटीचा सेक्रेटरी दारात ठाण मांडून बसला होता. मी एकटा नाही म्हणालो असतो तर वाळीत टाकलं असतं आपल्याला.

बायको : त्याच सेक्रेटरीच्या भावाला वॉर्डात आठ दिवस चमच्यानं भरवलंय मी. ते सांगायला तुझी जीभ टाळ्याला चिकटली होती?

सासू : काय चाललंय रे? कसली सही?

नवरा : काही नाही आई. तू खोलीत जा.

सासू : बहिरी नाही झाले अजून. सगळं ऐकलंय.

नवरा : तुझ्यासाठीच केली ना! तुझं वय, तुझा दमा...

सासू : माझं नाव पुढे करू नकोस. मला विचारलं होतंस? दोन महिने झाले, हिनं माझ्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. ताट स्टुलावर ठेवते आणि चार हात लांब होते. मला जपायचं ते ही जपतेय. तू काय केलंस? शाई खर्च केलीस!

नवरा : मला भीती वाटली! झालं समाधान? ही दारातून आत आली की मी श्वास रोखून धरतो. रोज.

बायको : आणि हे मला आज कळतंय. कागदावरून.

नवरा : तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

सासू : पेन घे आणि खाली जा. सही खोडून ये.

नवरा : सेक्रेटरीनं विचारलं तर?

सासू : माझ्याकडे पाठव त्याला.

(तो पेन शोधतो आणि बाहेर जातो.)

सासू : बस गं जरा. पाय बघ कसे सुजलेत.

बायको : नको आई, तुम्ही लांबच थांबा.

सासू : थांबते. एक विचारू? तुला नाही वाटत भीती?

बायको : वाटते ना. म्हणून तर घरी येते.