पायरीखालचा समुद्र

नाय दिसली? नीट बघ — कुत्र्यानं नेली असंल. आमच्या गावची कुत्री एकाच पायाची चप्पल नेतात. दोन्ही नेल्या तर माणूस अनवाणी निघून जातो, एक नेली का शोधत बसतो — शाणी हायेत. बस गं बाय. तीन शनिवार या तळ्यात उभी राहून प्लॅस्टिकची नळी गाळात ठोकतेस, तुला काय चिखलाची भीती? चा घे. मीठ पयल्या शनिवारी होतं, आज साखर हाय — पी, वास काय घेतेस!

आन आज एवढी खूश कशानं? गावलं? दाखव. — नळी उभी चिरलीस व्हय, भेंडीसारखी. हा काळा गाळ, हा राखाडी, आन हा पांढरा थर — तिसऱ्या खातो ना आमी खाडीतल्या, त्यांच्या शिंपल्या. काय म्हणतेस? समुद्र? खाडी तिकडं कोसावर, आन हजारो वर्सांमागं समुद्र इथं आमच्या धुण्याच्या पायरीपाशी आलता? असं लिवणार तू? कॉलेजातल्या सरांना कळवलंस? — नाय अजून? मग थांब. आधी चा संपव.

तुला गाळाची गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात तळं आटलं का आख्खं गाव गाळ काढी, गाड्या भरभरून भातशेतात टाकी. तू म्हणतेस ना, हातभर गाळ म्हणजे किती शेकडे वर्सं? मग आमी तुझी वर्सं भातात घालून खाल्ली गं! उरलेली त्या गव्हाण गावाच्या वाटेवरच्या गोडावूनखाली, भरावात. रागावू नको, जपून ठेवा म्हणून कुणी सांगितलंच नाय.

तर एका वर्सी गाळ काढताना पायरीपुढंच खड्डा राहिला. पावसात तळं भरलं, खड्डा दिसंना. आमची कृष्णाबाई हंडा घेऊन उतरली ती कमरेपर्यंत आत! सगळ्या बाया हसल्या. मी? मी पोट धरून हसलो — वर ओरडलो, म्हैस काढायला दोर आणा रे! आठ दिस बोलली नाय. जेवण वाढी, पण ताट असं आपटी का आमटी माझ्या छातीवर.

मग मी काय केलं — रोज पहाटे खाडीवरनं शिंपल्या टोपलीनं आणल्या आन खड्ड्यात ओतल्या. तिचा पाय रुतू नये म्हणून — म्हंजे बायांचे पाय. सगळ्याच बायांचे. आता गावाला काय सांगू, कमळाकर बायकोसाठी टोपल्या वाहतो? जगू दिलं नसतं. म्हणून शेवटच्या दिवशी चार शिंपल्या पायरीवर उधळल्या आन मीच बोंब ठोकली — समुद्र येऊन गेला रं, समुद्र! पटलं सगळ्यांना. बायांनी नारळ वाहिले. कृष्णाबाईनं पण वाहिला. मला म्हणते, बघ, माझा पाय रुततो ते समुद्राला कळतं, तुला नाय कळत.

सांगणारच होतो. म्हातारपणी सांगू, मोठी गंमत होईल, म्हणून राखून ठेवली. नारळी पुनवेला सगळी खाडीवर जात, ही इथं पायरीवर यायची. पस्तीस वर्सं. मी मागं उभा, हसू दाबून. — चार वर्सं झाली तिला जाऊन. गंमत राहिली तशीच. लेक म्हणतो द्रोणागिरीला माझ्या फ्लॅटवर या, तिथं लिफ्ट हाय. लिफ्टीत कुणाची चप्पल लपवू?

तोंड का उतरलं तुझं? माझी थाप तुझ्या कॉलेजच्या पुस्तकात गेली असती, मला काय नको होतं? पण मग तुझे सर चारचौघांत हसले असते. हसतात तेव्हा कसं होतं — मला नंतर कळलं. तू असं कर, पुढच्या शनिवारी तळ्याच्या मधोमध ठोक नळी. तिथं गाडी रुतायची, म्हणून गाळाला कुणी हातच लावला नाय. तुझी वर्सं तिथं जागेवर असतील. येशील ना? का आता हे तळंच सोडून दुसरं बघणार — बरं. बरं. नको सांगूस.

एवढं कर. हा शिंपल्यांचा तुकडा तुझ्या कामाचा नाय ना आता? इथं ठेव. पायरीवर. असा नाय — पालथा नको, तिला दिसंल असा.

आन चप्पल त्या हंड्याखाली हाय. घाल आन नीघ, पनवेलची यष्टी सुटंल. जा ना गं! बघतेस काय?