खांब हलत नाही

...आणि वर मलाच सांगतो, 'बाबा, खांब हलत नाही, गाडी हलते!' अहो, मला! ह्याच्या सायकलचं सीट धरून पळता पळता ज्यानं चपला झिजवल्या, त्याला! नवी गाडी येऊन सतरा दिवस झालेत, निळी, चकचकीत, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढू देत नाही, बसलं की कुर्रकुर्र वाजतं... आणि चावी देताना आमचे चिरंजीव रोज गेटच्या खांबाकडे बोट दाखवणार. वर दम असा, की एक जरी ओरखडा दिसला तरी चावी परत. म्हणजे काय, उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन? चौतीस वर्षं गाडी चालवलीय मी.

तर तुम्हाला सांगतो, बुधवारी दुपारी गाडी बाहेर काढताना मी उजवीकडे बघतोय, आरशात बघतोय, पुन्हा उजवीकडे बघतोय आणि डावीकडून खर्रर्र... नाही हलला. खांब अजिबात हलला नाही! मागच्या दारावर वीतभर ओरखडा, मधोमध वाटीएवढा पोचा. घड्याळात दोन. चिरंजीव सहाला घरी. खोटं कशाला बोलू, घाबरलो मी. पोटच्या पोराला घाबरलो.

कोपऱ्यावरच्या पेंटरकडे गेलो. घाई हा शब्दच त्या माणसाला माहीत नाही. आधी चहा संपवला, मग एक डोळा मिटून गाडीभोवती फेरी. मी म्हणतो, अहो, एवढंसं तर आहे, निळा फासा आणि सोडा. तर म्हणतो कसा, 'काका, निळे अकरा असतात. तुमचा कोणता?' आता मला काय माहीत माझा कोणता! मग दाराच्या आतल्या पट्टीवरचा बारीक नंबर वाचायचा, माझा चष्मा घरी, त्याचाही घरी, दोघं मिळून वाचतोय, तीन की आठ, तीन की आठ... तोवर पावणेतीन!

मग त्यानं बोटानं दार वाजवायला घेतलं. टण. टण. टण. आणि पोच्यापाशी... ठप. थांबला.

'काका, इथं आधीच लांबी भरलेली आहे.'

लांबी म्हणजे पोचा बुजवायचं ते लुकण. नव्याकोऱ्या गाडीला! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, फसवलं आपल्याला, आत्ता फोन करतो, कुणी भरली ही?

'मीच,' म्हणाला. 'गाडी नाही ओळखली, हात लागल्यावर काम ओळखलं. गेल्या मंगळवारी. तुमचे चिरंजीव आले होते. म्हणाले, बाबांना कळता कामा नये.'

तिथल्या एका टायरवर बसलोच मी. आधी हसू आलं, मग राग आला, मग लक्षात आलं की काही उपयोग नाही. मला कसं कळलं, हे कसं सांगणार? पेंटरनं ठोकलं, घासलं, फवारलं, दिव्याखाली वाळवलं. मी फुंकर मारायला गेलो तर हात धरून बाजूला बसवलं! सहाला पाच कमी असताना गाडी जागेवर. चिरंजीव आले, गाडीभोवती फिरले, त्याच दारापाशी जरा जास्त वाकले, मी श्वास धरलेला... म्हणाले, 'छान ठेवलीत, बाबा.' आवाज जरा बारीकच होता.

पहाटे दचकून उठलो. दार झालं, पण खांब? पांढऱ्या खांबावर निळा पट्टा! पॉलिश पेपर घेऊन गेटकडे पळालो, तर तिथं आधीच कुणीतरी उकिडवं बसून घासतंय. चिरंजीव! खांबावर एकाला चिकटून एक, दोन पट्टे. त्यानं माझ्या हातातला पेपर बघितला, मग पट्टे बघितले.

'हा माझा,' म्हणाला. 'मग हा कुणाचा?'

मी म्हटलं, 'खांब हलत नाही रे.'

मागे आमची ही उभी होती, सगळं ऐकत. तिनं नुसता हात पुढे केला. चावी!

सोमवारपासून ती ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकतेय, शेजारी क्लासचे मास्तर. आम्ही बापलेक मागच्या सीटवर, मांडीवर एकेक पिशवी. काल गेटपाशी आली, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ मागं वळून आम्हाला म्हणते, 'एवढं काय घाबरताय? खांब काय हलतोय थोडाच!'

पेंटरनं निळा डबा आता आमच्या नावानं वेगळाच काढून ठेवलाय.