टबाचा पोकळ तळ

भेगा दोन. एक अकरा सेंटिमीटरची, दुसरी चार. भोक एक, शर्टाच्या बटणाएवढं, हातातला पाना निसटून पडलेलं. आणि या सगळ्यावर लेप तीन, एकावर एक. मंडळी, मोजून सांगतो, कारण आजचा प्रश्न मोजल्याशिवाय सुटत नाही. प्रश्न असा: फुटलेलं सांधायचं, तर हात वरून फिरवायचा की खालून?

घाई नको. आधी ऐका.

टब ॲक्रिलिकचा, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचा. मालक इचलकरंजीचे दत्तोबा कोष्टी. चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले. कुठला माग बिघडलाय, ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. बायको अनुसयाबाई, गुडघ्यांनी बेजार. गरम पाण्यात अर्धा तास बसल्या की पाय मोकळे व्हायचे. टब फुटला आणि त्या साताऱ्याला लेकीकडं गेल्या, तिथं टब होता. दत्तोबा मागं एकटे. चहाचा कप घेऊन टबाच्या काठावर बसायचे. हसता काय? तुम्ही कुठं बसून चहा पिता, ते मी विचारलंय का?

रोज सकाळी अनुसयाबाईंचा फोन. "पाणी ऱ्हातंय का?" एवढंच. मला घरी यायचंय, हे म्हणायची तिची हीच रीत.

गेल्या महिन्यात दत्तोबांना राहवेना. तिसरा लेप नुकताच वाळला होता, पाणी भरून बघायला धीर कुणाला? म्हणाले, "ऱ्हातंय. ये तू." बिचारी एसटीनं चार तास हादरत आली, टबात बसली — आणि पंधराव्या मिनिटाला गुडघे पाण्याबाहेर! दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. जाताना म्हणाली, "आता मोजून सांगा. नुसत्या शब्दावर न्हाई येनार मी."

मग दत्तोबांनी बोलावलं शबाना मुजावरला. फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारी बाई. तिनं लेप खरवडले आणि भेगेच्या टोकाला ड्रिल लावलं.

"आगं, भोक बुजवायला बोलावलं तुला, आनि तू नवीन पाडतीस व्हय?"

"आजोबा, सगळा ताण भेगेच्या टोकाशी जमतो, म्हणून ती पुढं सरकते. गोल भोकाला टोक नसतं. तिथं ती थांबते."

मग तिनं तळावर बोटं वाजवली. ठक, ठक, आणि एका जागी — ढब. "हे ऐकलंत?"

मागाचा आवाज ओळखणारा माणूस मान खाली घालून उभा. तळाखाली आधारच नव्हता. माणूस बसला की तळ वाकायचा, भेग उघडायची. वरचा लेप काय करणार?

दोघांनी टब उलटा केला. खालून फायबरचे थर चढवले, वरून भेगा भरल्या, घासून गुळगुळीत केल्या. टबाखाली वाळू-सिमेंटची गादी घातली. ती पक्की व्हायला आठवडा गेला. रोज फोन यायचा. दत्तोबा रोज म्हणायचे, "अजून न्हाई." हा शब्द जड होता, मंडळी. 'ये' म्हणणं किती सोपं होतं!

आठव्या दिवशी सकाळी सातला टब भरला. तळाशी वाळूचे बंद डबे ठेवले, बासष्ट किलो, अनुसयाबाईंच्या वजनाचे. शेजारी भरलेली बादली. शबाना म्हणाली, "उघडं पाणी वाफेनं थोडं उतरतंच. बादलीत उतरेल तेवढंच टबात उतरलं, तर गळती नाही."

आता तुम्हाला विचारतो. 'सगळं ठीक आहे' म्हणून तुम्ही कुणाला घरी बोलावलंय? लेप कितवा आहे तुमचा? खाली हात घालून कधी बघितलंत?

संध्याकाळी सातला दत्तोबांनी दोन्हींत पट्टी धरली. मग साताऱ्याला फोन लावला आणि कागदावरचं वाचून दाखवलं.

"बारा तास. बादलीत दोन मिलिमीटर उतरलं. टबात दोन मिलिमीटर."