हुद्द्याचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष रघुनाथराव, सौसरहून मुद्दाम आलेले पाहुणे भैय्याजी वकील, सत्कारमूर्ती श्रीधरपंत, वच्छलाताई आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या पांढुर्णेकर बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिलीत. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला पाच मिनिटं हजेरी घ्यायलाही पुरत नाहीत! असो.

श्रीधरपंत परवा भोपाळला जाणार. गेल्या महिन्यात, एक तारखेला आपण सकाळी उठलो तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो होतो. राजधानीबरोबर पंतांची कचेरी भोपाळला गेली, मागोमाग पंतही चालले. कोणाशी भांडणार?

गेली आठ वर्षं या गृहस्थांनी कशी काढली? आपली पॅसेंजर नागपूरला पोचते दुपारी, आणि कचेरी भरते दहाला. म्हणून सोमवार ते शनिवार नागपुरात चौघांत एक खोली, आणि घर फक्त रविवारी. वच्छलाताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, पोरगी बापाले पाहुणा समजून राहिली." म्हणून तर आपण प्रवासी समिती काढली. मागणी एकच. तिगाव-पांढुर्ण्याच्या माणसाला दहाच्या आत नागपूरला पोचवणारी आणि दिवेलागणीला घरी आणणारी गाडी. पंत चिटणीस, मी अध्यक्ष. दर रविवारी यांच्या ओसरीवर अर्ज, आणि वच्छलाताईंचा चहा. किती कप झाले असतील हो ताई?

अर्जाची शिस्त माझी. प्रत्येक सहीपुढे हुद्दा पाहिजे. कारकून, नाझर, पेशकार. वजन पडतं म्हणे! वा रे अध्यक्ष!

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पंतांची उर्मिला एक कागद घेऊन आली. माझीच विद्यार्थिनी, मॅट्रिकला शाळेत पहिली, पोरं धरून पहिली. कागदावर सतरा मुलींची नावं, आणि हुद्द्याच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द, "शिकणार". म्हणाली, "गुरुजी, आमचाबी कागद लावा ना. खोली करून राहू देत नाही कोणी. गाडी झाली तरच कॉलेज."

मी काय म्हणालो? "बाई, वरचे साहेब हसतील. अर्ज हलका होते." कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला. संध्याकाळी पंतांनी विचारलं, "पोरींचा कागद लावला ना?" मी हो म्हणालो.

गेल्या गुरुवारी वरून उत्तर आलं. सह्या करणाऱ्या सर्वांच्या कचेऱ्या नागपुरातून उठल्या आहेत, सबब प्रवासी उरलेले नाहीत, मागणी निकालात काढली आहे. पंत तो कागद उलटापालटा करत राहिले. म्हणाले, "मास्तर, पोरींचं कॉलेज तर नागपुरातच हाय. मंग प्रवासी नाही असं काहून लिहिलं?"

आज सर्वांसमक्ष सांगतो, पंत. तो कागद मी लावलाच नव्हता.

आता काय उपयोग म्हणाल. काही नाही. गाडी येणार नाही. त्या सतरांतल्या सोळा आपापल्या सासरी गेल्या. सतरावीचं, आपल्या उर्मिलेचं, माघात मोहगावला ठरलंय, ती तिथं त्या खांबाला टेकून बसली आहे. काल मी तिला तो कागद परत द्यायला गेलो. तिनं उलगडला, शेवटपर्यंत वाचला, आणि एवढंच विचारलं, "गुरुजी, अक्षर तर चांगलं होतं ना माझं?"

चांगलं होतं, पोरी. फार चांगलं होतं.

मंडळी, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. पंत, भोपाळात थंडी जास्त, जपा. या भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. त्या कागदाचं मात्र घालू नका. नमस्कार.