मशीन बंद करू नका

अहो, थांबा थांबा — त्या खटक्यावरचा हात काढा आधी. रागावलो नाही हो, दचकलो जरा. मशीन तुमच्या मालकांना विकलंय, शब्द दिलाय, शब्द फिरवणारा माणूस नाही मी. तुम्ही न्यायलाच आलायत, टेम्पो दारात उभा आहे, सगळं मान्य — फक्त दोन मिनिटं. ते स्टूल घ्या, डगमगतं जरा, भिंतीला टेकवून बसा. हां. मला एक सांगा, हे असंच चालू ठेवून नाही का नेता येणार? म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी बरोबर टेम्पोत ठेवायची, वायर लावलेलीच — नाही होत? हसू नका. बरं हसा, मीही हसलो असतो.

तुम्ही तर यातले जाणकार, तुम्हाला काय सांगायचं! ही दांड्याच्या टोकाची काळी डबी, एन्कोडर — आत काचेची चकती, चकतीवर रेघा, दांडा फिरला की हा रेघा मोजतो आणि वर आकडा दाखवतो. एवढंच येतं त्याला. मला हे सगळं चिमीनं शिकवलं — चिमी म्हणजे माझी मुलगी, हे मशीन तिचं. मी आपला बिलं करणारा, झाडू मारणारा, गिऱ्हाइकांशी गोड बोलणारा. ती म्हणायची, बाबा, हा नुसती पावलं मोजतो, घर कुठं ते याला ठाऊक नसतं. वीज गेली की मोजलेलं सगळं विसरला. पुन्हा आली की शून्य. मग त्याला फिरवत फिरवत चकतीवरच्या एका खुणेपर्यंत न्यायचं, तेव्हा कुठं त्याचं डोकं ठिकाणावर येणार. म्हणून निम्म्यात काम असलं की खटक्याला कुणी हात लावायचा नाही — मी तर नाहीच नाही, माझ्या धांदरटपणावर तिचा भारी विश्वास!

त्या दिवशी कटर तुटला. स्कूटरची किल्ली घेतली आणि दारातून म्हणाली, बाबा, कटर घेऊन आलेच, मशीन बंद करू नका हं, निम्म्यात आहे. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, बिल लिहीत होतो, नुसतं हं म्हटलं. पुढच्या वळणावर ट्रक — जाऊ दे. तुम्ही बघताय ना, तिनं कापायला घेतलेला लोखंडाचा जॉब अजून शिकंज्यात तसाच आहे, अर्धा चकचकीत, अर्धा गंजलेला. आणि वर हा तिचा आकडा. एक्केचाळीस पॉइंट सहाशे पाच. तिथं थांबली होती ती. तिनं दुसरं काही सांगितलं नाही हो मला, जाताना एवढंच सांगितलं — बंद करू नका. मग नाही केलं; वीज गेली तरी चालू राहावं म्हणून हा इन्व्हर्टर बसवला. लोक म्हणतात म्हाताऱ्याला वेड लागलं. लागू दे.

हिला मात्र नको होतं. ही म्हणजे आमची बायको, चिमीची आई. गिऱ्हाईक तिनंच शोधलं, फोन तिनंच केला, रोज माझ्या मागे भुणभुण — विका, विका एकदाचं. शेडमध्ये पाऊल टाकत नाही. मी बोललो तिला परवा, तुझं काळीज दगडाचं आहे म्हणून. भांडी घासत होती, घासत राहिली. पोटच्या पोरीची एवढी खूण, आणि — काय?

कुठला दिवा? तो बारका हिरवा? तो गेलाय हो, उडाला असेल, बरेच दिवस — अरे! पेटला की. तुम्ही कुठलं बटण दाबलंत? दिवे तपासायचं. म्हणजे दिवा चांगला आहे. मग पेटत का नव्हता? खूण सापडलेली असली तरच पेटतो... हो, चिमी सकाळी आल्या आल्या खूण शोधायची, बरोबर, तेव्हा पेटायचा. म्हणजे मध्ये कधीतरी वीज गेली होती असं म्हणताय? छे, शक्यच नाही. आणि गेली असती तर शून्य दिसलं नसतं का? हा आकडा कुठून आला मग?

हातानं? बटणं दाबून?

अहो, पण शेडच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी घरात. — मी इस्पितळात होतो मध्ये, छातीत कळ आली म्हणून. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी मीच घालायचो, तेवढे दिवस राहिलंच ते. पण हिला मोबाइलचं घड्याळ लावता येत नाही हो! हिला हे कुठून — थांबा. डबा घेऊन यायची ही दुपारी. चिमीचे हात तेलानं बरबटलेले, ती म्हणायची, आई, एवढा आकडा दाब ना गं, आणि ही चटका बसल्यासारखं एका बोटानं दाबायची. दोघी हसत बसायच्या.

पण आकडा तिला कसा माहीत? कुठं लिहिलेला नाही. मी कधी बोललो नाही तिच्याशी. पॉइंटच्या पुढचंसुद्धा सगळं बरोबर — म्हणजे येत होती ही. मी बाजारात गेलो की येत असणार, इथंच उभी राहत असणार. आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. मी घरी आलो तर म्हणाली, जा, बघून या तुमचं मशीन, चालू आहे. मी हिला दगड म्हटलं हो. तोंडावर म्हटलं.

अगं ए — इकडे ये जरा. हो, शेडमध्ये. चहा राहू दे, गॅस बंद कर आणि ये. — आली बघा, दारात थांबलीय. ये, आत ये. — तुम्ही जरा बाहेर जाता का? त्या टेम्पोवाल्यालाही सांगा, दार लोटून घ्या. बंद आम्ही दोघं करतो.