बदलीची झाडं

...नाही, ते सोडून बाकी कुठलंही न्या. तो पाम न्या, लिफ्टजवळच्या दोन्ही कुंड्या न्या, त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. हे रबराचं झाड मात्र राहू द्या, दादा. साहेबांना आवडतं ते. — कुठले साहेब म्हणजे? इथे सगळेच साहेब आहेत, रिसेप्शनवाली तेवढी मी एकटी. माहितीये हो मला, दर पंधरवड्याला तुमची गाडी येते, दमलेली झाडं नर्सरीत जातात, ताजीतवानी इथे येतात, कंपनीशी तसं ठरलंय तुमचं. पण एखादं राहिलं मागे तर काय आभाळ कोसळणारे?

टेका जरा, घामाघूम झालाय. त्या दगडावर नको — तो दगड नाहीये, आत पोकळ आहे, शोभेचा. आमची कंपनी नळ विकणारी, पण त्या डिझायनर बाई आल्या आणि खाली शोरूममध्ये धबधबा झाला, वर हेड ऑफिसात जंगल. पाखरं ओरडतायत ना? छतात स्पीकर आहे. भिंतीवरचं शेवाळ खरं आहे, पण जिवंत नाही, औषधात बुडवून टिकवलंय म्हणे. आणि तो धबधबा तर विचारूच नका! गिऱ्हाईकं येतात, जरा वेळ ते खळखळणारं पाणी ऐकतात आणि नळाचा भाव विचारायच्या आधी वर येऊन मला विचारतात, 'मॅडम, बाथरूम कुठंय?' हसा, हसा. आम्ही दोघी तर पोट धरधरून हसायचो, मी आणि फोनवाली. इथेच बसायची ती, माझ्या शेजारी. बाई म्हणाल्या, एवढ्या हिरवाईत एकच टेबल शोभेल आणि एकच माणूस. मग फोन मशीनवर गेले आणि ती घरी गेली. मी काय, मी शोभतेय.

बघा, पानं चाचपायला लागलात. पिवळी पडलीत, दिसतंय मला. खिडकीपासून ओढत मीच आणलं त्याला टेबलाजवळ. तिकडे फार लांब होतं, एवढ्या लांबून काय बोलणार — म्हणजे बोलते असं नाही हं. सकाळी आले की 'काय रे' म्हणते, एवढंच. आणि दुपारी कोण आलं, कोण काय म्हणालं, ते सांगते जरा. एसीचा झोत नेमका त्याच्यावर येतो, तेही कळतं मला. आणि पाणी — पाणी जरा जास्तच होतं. पण दिवसभर माझ्याकडे कुणी काही मागत नाही हो. याला तरी घालावं म्हटलं.

वाजू द्या तो फोन. धाकटा भाऊ आहे माझा, सकाळपासून लावतोय. उत्तर हवंय त्याला. आई आमची तीन महिने माझ्याकडे असते, तीन महिने त्याच्याकडे, आणि आता माझी पाळी. मी खोली आवरून ठेवलीये, उशीला नवा अभ्रा घातलाय — आणि हा म्हणतो, 'ताई, आई रमलीये गं इथे. खाली बायकांत बसते, नातीच्या वेण्या घालते, चार घास जास्त जेवते. तरी तू म्हणशील तर आणून सोडतो.' आईला विचारलं, तर ती म्हणाली, 'तू म्हणशील तसं.' मी म्हणेन तसं! माझ्याकडे काय करते ती? मी सकाळी बाहेर पडते ती अंधार पडल्यावरच घरी. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेली असते. 'आलीस?' म्हणते. शेजारीण म्हणाली, दिवसभर तशीच बसते, दुपारचा घासही तसाच ताटात. ऐकून जीव तुटला माझा. आणि तरी — आता तुमच्याशी कशाला खोटं बोलू — दार उघडल्यावर ती दिसली की मला इतकं बरं वाटतं! कुणीतरी माझी वाट बघतंय. अजूनही तेच हवंय मला, दादा. फोन उचलला तर 'आण' असंच तोंडातून निघेल, म्हणून उचलत नाहीये.

साहेबांचं झाड कसलं, एकालाही माहीत नसेल ते कुठं ठेवलंय.

नर्सरीत कसं असतं हो? उघड्यावर ठेवता? सगळी जवळजवळ, एकमेकांना लागून? आणि एवढं कोमेजलेलंसुद्धा सावरतं? — लगेच?

बरं.

न्या मग. न्या म्हणतेय ना — सावकाश, दारात पानं घासतील. नाही, दुसरं आत्ता नको, नंतर ठेवा. आधी तुम्ही बाहेर जा. भावाला फोन करायचाय मला. आईला राहू दे तिथेच, माझं काही अडत नाही, मी मजेत आहे, असं सांगायचंय — आणि ते 'मजेत' नीट म्हणता यायला हवं. तुम्ही असे बघत उभे राहिलात तर नाही जमायचं मला. जा ना.